पाटल्या गहाण ठेवू नकोस, आधी हिरड्या दाखव

धाकटे, परवा फोनवर तुझा आवाज रडवेला झाला, तो अजून मनातून जात नाही. डाव्या बाजूची दाढ हलते, ब्रश लावला की रक्त येतं, सकाळी तोंडाला वास येतो. त्यात त्या खासगी दवाखान्यात तुला सांगितलं की शुगरवाल्यांना आता लेझरशिवाय इलाज नाही. खर्चाचा आकडा ऐकून तू थेट पाटल्या गहाण ठेवायचं बोलायला लागलीस. फोनवर सगळं सांगता येत नाही. जावईबापू शेजारी बसलेले असतात, पोरांचा गलका असतो, आणि काही गोष्टी तुझ्या-माझ्यातच राहायला हव्यात. म्हणून लिहून पाठवते. दवाखान्यात सिस्टर म्हणून माझं आयुष्य गेलं, शुगरचे आणि दातांचे पेशंट मी जवळून पाहिलेत. सावकाश वाच.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. लेझर वाईट नाही, त्यात फसवणूकही नाही, पण तो पहिला इलाज नाही. तुझ्या हिरड्यांना आधी मुळापर्यंत सफाई लागणार आहे, शुगर ताब्यात आणावी लागणार आहे आणि तोंडातला तंबाखू सोडावा लागणार आहे. या तिन्ही गोष्टी झाल्यावरही काही उरलं, तर लेझरचा विचार करू. तोवर पाटल्या हातातच राहू देत.

आता तोंडात नेमकं काय होतं ते समजून घे. दात आणि हिरडी यांच्यामध्ये सगळ्यांनाच एक बारीक फट असते. निरोगी माणसात ती एक ते तीन मिलिमीटर खोल असते. तिथे रोज जंतूंचा चिकट थर बसतो. तो निघाला नाही की लाळेतले क्षार त्यावर साचतात आणि त्याचं टणक कीटण होतं. कीटण ब्रशने निघत नाही. त्याच्या आधाराने जंतू आणखी वाढतात, हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि ती फट चार, पाच, सात मिलिमीटरपर्यंत खोल जाते. डॉक्टर तिला पॉकेट म्हणतात. आतल्या आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं. आपल्याकडे याला पायरिया म्हणतात आणि ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. कीड लागलेली दाढ रात्रभर झोपू देत नाही, पण हा रोग वर्षानुवर्षं गप्प असतो. दात हलायला लागले की मग माणूस जागा होतो. गेलेलं हाड सहसा परत येत नाही, म्हणून जे उरलंय ते वाचवणं आपल्या हातात आहे.

शुगरचा यात काय संबंध, असं तू विचारलंस. रक्तात साखर जास्त काळ वाढलेली राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि जखम लवकर भरत नाही. म्हणून तेवढ्याच घाणीत दुसरीची हिरडी नुसती लाल होईल, तुझं मात्र हाड झिजेल. आणि हे उलट्या दिशेनेही चालतं. वाईट पायरियात सगळ्या दातांभोवतीची ती सुजलेली, सोललेली जागा एकत्र मांडली तर बरीच मोठी जखम होईल. तळहातावर तेवढी पू झालेली जखम असती तर तू एक दिवस तरी घरी बसली असतीस का? तोंडातली ती दिसत नाही. तिच्यामुळे शरीरात सतत दाह चालू राहतो, इन्सुलिनचं काम बिघडतं आणि गोळ्या वेळेवर घेऊनही शुगर उतरत नाही. तुझं गेल्या वर्षभर तेच चाललंय. तू गोळ्या चुकवतेस असं सगळे म्हणतात, पण एकदा तोंड उघडून बघायला पाहिजे होतं.

हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेत अरिझोनात गिला नदीकाठी राहणाऱ्या पिमा आदिवासींमध्ये मधुमेहाचं प्रमाण फार मोठं आहे. तिथल्या अभ्यासात दिसलं की मधुमेह असलेल्यांमध्ये हिरड्यांचा हा नाश इतरांपेक्षा सुमारे तिपटीने जास्त होतो. ज्यांच्या हिरड्या आधीच खूप बिघडलेल्या होत्या, त्यांची शुगर पुढे आणखी बिघडण्याची शक्यताही जास्त होती. हॅराल्ड लो या दंतवैद्यकाच्या संशोधकांनी १९९३ मध्ये पायरियाला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं. डोळे, किडनी, नसा यांच्या रांगेत त्यांनी हिरड्यांना बसवलं. आपल्याकडे डोळे आणि पाय तपासायला सांगतात, तोंड मात्र अजूनही कुणी सहसा उघडून बघत नाही.

आता चांगली बातमी. हिरड्यांवर उपचार केले तर शुगरही थोडी उतरते. जगभरातले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये सांगितलं की साध्या सफाईच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे आपण जिला तीन महिन्यांची शुगर म्हणतो ती, सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास खाली येते. म्हणजे ८.६ असेल तर ८.२ च्या जवळ. हे ऐकून गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे पुन्हा बजावते. पण हे एवढं लेझरशिवाय, नुसत्या हाताच्या आणि मशीनच्या सफाईने मिळतं, ते ध्यानात ठेव.

ती सफाई कशी होते ते सांगते, म्हणजे खुर्चीवर बसल्यावर घाबरणार नाहीस. पहिल्या दिवशी डॉक्टर टोकाशी खुणा असलेली एक बारीक बोथट सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीत हलकेच सरकवतात आणि आकडे बोलतात: ‘तीन, दोन, तीन, पाच, चार, सहा.’ शेजारची मदतनीस ते तक्त्यावर लिहिते. कुठे रक्त आलं, त्याचीही खूण करते. तो तक्ता हाच तुझ्या रोगाचा नकाशा. मग एक्स-रे काढून हाड किती उरलंय ते बघतात. धाकटे, हा तक्ता न करता कुणी थेट लेझर सांगितला, तर तिथून उठून ये. त्या दवाखान्यात तुझं असं मोजमाप झालं होतं का, ते मला कळव.

मोजमाप झालं की वरची सफाई होते, आणि खोल पॉकेट असतील तिथे भूल देऊन दाताच्या मुळावरचं कीटण काढतात. हे एका दिवसात उरकत नाही, दोन-तीन खेपा लागतात. नंतर काही दिवस गार पाणी झोंबतं आणि सूज उतरल्यावर दातांमध्ये फटी दिसतात. म्हणूनच गावात बायका म्हणतात, ‘क्लिनिंग केलं आणि दात हलायला लागले.’ क्लिनिंगने दात हलत नाहीत. हाड आधीच गेलेलं असतं, कीटण आणि सुजेखाली ते झाकलेलं असतं, एवढंच. दीड-दोन महिन्यांनी परत तसंच मोजमाप करतात. पाचचे तीन झाले, रक्त थांबलं, तर उपचार लागू पडला.

आता लेझर. पायरियासाठी बहुतेक दवाखान्यांत डायोड लेझर असतो. केसासारख्या बारीक तंतूच्या टोकातून उजेडाची ऊर्जा पॉकेटमध्ये सोडतात. त्या उष्णतेने पॉकेटच्या आतला खराब झालेला पापुद्रा जातो, जंतू कमी होतात आणि रक्त कमी वाहतं. टाके बहुधा लागत नाहीत, दुखणंही कमी. वाढलेली हिरडी कापून आकारात आणायची असेल किंवा पेशंट रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर त्याचा चांगला उपयोग होतो. पण एक गोष्ट डायोड लेझर करू शकत नाही. मुळाला चिकटलेलं कीटण त्याने निघत नाही, ते हाताने नाहीतर मशीननेच काढावं लागतं. आणि रोगाची खरी जागा तर ते कीटणच आहे.

शुगरच्या पेशंटवर लेझरचे अभ्यास झालेत. काही छोट्या अभ्यासांत सफाईबरोबर लेझर दिल्यावर हिरडी जरा लवकर सुधारली, तीन महिन्यांची शुगरही थोडी जास्त उतरली. काहींत नुसत्या सफाईएवढाच फायदा दिसला. अमेरिकेतल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हा सगळा पुरावा तपासला आणि सफाईवर लेझरचा वाढीव फायदा मर्यादित आहे असं म्हटलं. युरोपच्या तज्ज्ञांनी २०२० मध्ये त्याहून स्पष्ट सुचवलं की सफाईच्या जोडीला लेझर वापरू नये. तुझ्या खिशातून जाणाऱ्या पैशाच्या मानाने हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तरीही पुढे कधी लेझर घ्यायचा ठरला तर चार प्रश्न विचारायचे, लाजायचं नाही. पहिला, माझे पॉकेटचे आकडे काय आहेत? दुसरा, मुळापर्यंतची सफाई झाली का आणि त्यानंतर परत मोजलं का? तिसरा, लेझर कीटण काढण्यासाठी आहे की त्यानंतरच्या कामासाठी? चौथा, करणारे डॉक्टर हिरड्यांचे तज्ज्ञ, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट आहेत का? कारण उष्णता जास्त झाली तर मुळाला आणि हाडाला इजा होऊ शकते. आणि लेझर चालू असताना डॉक्टर, मदतनीस आणि तू, तिघांच्या डोळ्यांवर खास चष्मा असायलाच हवा. चष्मा दिला नाही तर तोंड उघडू नकोस.

जायचं कुठे, हेही सांगते. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आरमोरीच्या उपजिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात, ते तुमच्या आशाताईंना विचारून घे. वरची सफाई, दुखणारा दात, शुगरची तपासणी हे तिथे बघून घ्यायचं. शुगरच्या गोळ्याही तिथूनच मिळतील. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगरची तपासणी करायचीच असते, तेव्हा जावईबापूंनाही बरोबर घेऊन जा. खोल पॉकेटचं काम तिथे झालं नाही, तर नागपूरला मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा वर्ध्याजवळ सावंगीच्या दंत महाविद्यालयात हिरड्यांचा वेगळा विभाग आहे. अशा ठिकाणी खासगीपेक्षा खर्च बराच कमी येतो. गडचिरोलीच्या आतल्या भागातून नागपूरला जाणं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, मला माहीत आहे. भामरागड-एटापल्लीच्या बायकांना तर दोन दिवस लागतात. म्हणून जाण्याआधी फोन करून विचार की दंतविभाग कोणत्या वेळी चालतो, आणि एका खेपेत जास्तीत जास्त काम करून घे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याच भागात फार महत्त्वाची आहे. तुझ्या सिकलसेलच्या कार्डावर एएस, म्हणजे वाहक, असं लिहिलंय. विदर्भात सिकलसेल आहे, हे नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच जगाला कळवलं होतं. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत कितीतरी घरांत कुणी ना कुणी वाहक सापडतो. ज्यांना एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार आहे, त्यांच्या लाल पेशी लवकर मरतात, म्हणून तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा खोटा कमी येतो. तुझ्यासारख्या वाहकांमध्येही लॅब कोणत्या पद्धतीने तपासते त्यावर आकडा चुकू शकतो. रिपोर्ट चांगला आणि हिरड्या मात्र सडत चालल्या, असं होऊ नये म्हणून डॉक्टरांना कार्ड दाखव. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर जोडीला करून घे. दंतवैद्यालाही हे कार्ड दाखव.

आता ती गोष्ट, जी फोनवर मी काढली नाही. तू तंबाखूची नस घासतेस, मला माहीत आहे. दाढ दुखली तेव्हा सासूबाईंनी लावायला दिली आणि मग सवय लागली. आपल्या भागात कितीतरी बायकांची हीच गोष्ट आहे. मला तुझा राग नाही. तंबाखू लावला की घटकाभर बधिर होतं, म्हणून वाटतं औषध आहे. १९९२ मध्येच सरकारने दात घासायच्या पावडर-पेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, कारण लोक दात घासता घासता व्यसनात जात होते. तुझी दाढ जिथे हलते आहे, तिथेच तू नस दाबून धरतेस ना? आरशात बघ, त्या जागची हिरडी खाली सरकलेली आणि मूळ उघडं पडलेलं दिसेल. तिथे कितीही भारी लेझर मारला तरी रोज त्याच जखमेवर तंबाखू लागत असेल तर ती भरणार कशी?

जावईबापूंचा खर्राही तसाच. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घेऊन पाटीवर दहा मिनिटं घोटायचा आणि मंडईच्या दिवसांत पाहुण्यापुढे चहाच्या आधी पुडी ठेवायची, ही आपल्याकडची रीत झाली आहे. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होते आणि तोंड उघडणं कमी होतं. मग डॉक्टरांचं अवजारही आत जात नाही. त्यांना म्हणावं, तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर लगेच दाखवायचं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, न भरणारी जखम असेल तर एक दिवसही थांबायचं नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने चालवलेल्या मुक्तिपथचे लोक तालुक्यात व्यसन सोडवायला मदत करतात. आणि १८००-११-२३५६ या फुकटच्या नंबरवर फोन करून तंबाखू सोडायचा सल्ला मिळतो. दोघांनी मिळून सोडा. एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने समोर बसून घोटायचं, असं टिकत नाही.

रोजचं काम साधं आहे. सकाळी आणि रात्री झोपताना, दोन वेळा मऊ ब्रशने दोन-दोन मिनिटं घास. ब्रश हिरडीच्या कडेला तिरपा धरून हलकेच फिरव. रक्त येतं म्हणून ती जागा टाळू नकोस, सूज उतरली की रक्त थांबेल. दातांच्या फटी मोठ्या असतील तर त्यात घालायचा छोटा ब्रश मेडिकलमध्ये मिळतो, डॉक्टरांना माप विचारून घे. राखुंडी आणि कोळसा बंद. कडुनिंबाची काडी करायची असेल तर टोक चांगलं चावून मऊ कर, पण रात्रीचा ब्रश चुकवू नकोस. भात बंद कर असं धानाच्या पट्ट्यातल्या बाईला मी सांगणार नाही. ताटातला भात अर्धा कर, वरण आणि पालेभाजी वाढव, आणि चहातली साखर सोड.

दवाखान्यात जायच्या दिवशी उपाशी जाऊ नकोस. नेहमीची गोळी घे, नाश्ता कर, सकाळचीच वेळ घे. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी ठेव. घाम फुटला, हात थरथरले, तर लगेच तोंडात टाक आणि डॉक्टरांना सांग. शुगरचे रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर ने, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांग. आणि कधी गालावर सूज आली, ताप भरला, हिरडीतून पू यायला लागला, तर रोवणी चालू आहे म्हणून थांबू नकोस. शुगरच्या माणसात असं इन्फेक्शन झपाट्याने पसरतं, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

हे सगळं ऐकून एकदम डोक्यावर ओझं घेऊ नकोस. या आठवड्यात फक्त तीन गोष्टी कर: उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर तपास, आरमोरीला दातांच्या डॉक्टरांचा वार विचार आणि नसची डबी चुलीत टाक. सफाईनंतर दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं, हे आताच कॅलेंडरवर लिहून ठेव, कारण पायरिया एकदा बरा झाला म्हणून कायमचा जात नाही, त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. नागपूरला जायची वेळ आली तर मी चंद्रपूरहून निघते, तू तिकडून ये, दंत महाविद्यालयाच्या दारात भेटू. आकड्यांचा तो तक्ता आपण दोघी मिळून बघू. तेव्हाही तिथले डॉक्टर तुझे आकडे बघून म्हणाले की आता लेझरने फायदा होईल, तर तुझ्या पाटल्यांना हात न लावता तो खर्च मी करीन.